मनसर, रामटेक, नगरधन, पवनी: एका रविवारात नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की पुरवण्यांत आणि मोबाइलवर ‘नागपूरजवळची ऐतिहासिक स्थळे’ अशा याद्या फिरू लागतात. यंदा फिरणाऱ्या एका यादीत मनसर, रामटेक, नगरधन आणि पवनी ही चार ठिकाणे एकाच रविवारात बसवली आहेत. पहिली तीन एकमेकांजवळ आहेत हे खरे. पण पवनी भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी आहे आणि रामटेकहून तिथे पोचायला नव्वद-शंभर किलोमीटर गाडी चालवावी लागते. डिसेंबरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. ही यादी घेऊन निघालेले कुटुंब पवनीला पोचेल तेव्हा टेकडीवर अंधार असेल, आणि घरी येऊन ते सांगेल, ‘तिथे बघण्यासारखं काही नाहीच.’ हे वाक्य आम्हाला फार सलते. जिथे ‘काही नाही’ असे एकदा ठरले, तिथला मुरूम खोदताना किंवा प्लॉट पाडताना कुणाचाच हात अडखळत नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी ही विनंती.

सुरुवात नावांच्या घोळापासून. आपल्या बाजूला पवनी दोन आहेत. एक भंडारा जिल्ह्यातली, तालुक्याचे ठिकाण असलेली, स्तूपांची पवनी. दुसरी रामटेक तालुक्यात जबलपूर रस्त्यावर, पेंचच्या जंगलाला लागून असलेली. मोबाइलच्या नकाशात नुसते ‘पवनी’ लिहून पहिले आलेले नाव दाबले, तर स्तूपाऐवजी जंगलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहाल. वर्धेजवळचे पवनार हे तिसरेच. तेही वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या काळाचे असल्याने वाचताना गल्लत होते. खाप्याचेही तसेच. महापाषाणयुगीन दफने जिथे उकरली गेली तो टाकळघाट-खापा बुटीबोरीकडे, नागपूरच्या दक्षिणेला. सावनेरकडचे नगरपरिषदेचे खापा गाव उत्तरेला. दोन्हींच्या मध्ये अख्खे नागपूर शहर आहे. बोरगाव आणि रायपूर ही नावे तर किती ठिकाणी सापडतील याला हिशेब नाही. म्हणून निघण्याआधी वहीत गावाचे नाव एकटे लिहू नये; मौजा, तालुका, जिल्हा आणि जवळचा मोठा रस्ता असे चारही लिहावे.

दुसरे असे की, नकाशातली खूण बहुधा गावाच्या मध्यावर असते. शाळा नाहीतर ग्रामपंचायत दिसते, आणि स्थळ तिथून किलोमीटर-दोन किलोमीटर पांदणीने आत. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा सोबत असला तर नाला, टेकडी, तलाव यांवरून जागा पटकन कळते. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. मोबाइलवरचा नकाशा वापरायचा असेल तर तो परिसर आदल्या रात्रीच उतरवून ठेवावा. कुही-भिवापूरकडे आणि पेंचच्या अलीकडे नेटवर्क नेमके हवे तेव्हा जाते.

आता महत्त्वाची गोष्ट. आमचा आग्रह आहे की आधी संग्रहालय पाहावे, मग स्थळ. गावाकडच्या पुरातत्त्वीय स्थळावर निराशा होते तिचे सर्वांत मोठे कारण हेच, की जे सापडले ते तिथे नसते. उत्खननातल्या वस्तू अभ्यासासाठी आणि सुरक्षिततेसाठी हलवल्या जातात. पुष्कळ ठिकाणी चरही पुन्हा मातीने बुजवतात. त्यात हयगय नसते. उघडी ठेवलेली वीट आणि माती आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांतच ढासळू लागते, म्हणून बुजवणे हेच तिचे संरक्षण. मनसरची ती प्रसिद्ध, बसलेली, गुबगुबीत शिवमूर्ती १९७२ मध्ये मिळाली आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी मिळाली, म्हणून तिथे जाऊन कुणी भट्टी शोधू लागला तर त्याला समोर शेते आणि नदीकाठच दिसेल.

म्हणून आठवडाभर आधी सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, दोन तास घालवावेत. १८६३ पासूनची ही संस्था घराजवळ असून कित्येक नागपूरकरांनी शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाहिलेली नाही. सोमवारी ती बंद असते. शिल्पांच्या आणि शिलालेखांच्या दालनांत घाई करू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकचा शिलालेख इथेच आहे. तो दगड जवळून पाहिला की ब्राह्मी अक्षरांची जाडी, खोली, दगडावरची घडण डोळ्यांत बसते; मग मंदिराच्या काळोख्या भिंतीवरही अक्षर आहे की छिन्नीचा ओरखडा, हे ओळखता येऊ लागते. मातीची भांडी पाहताना एकच ओळख पक्की करावी: आत आणि काठाशी काळे, बाहेरून खाली तांबडे असे भांडे. ही काळी-तांबडी मृद्भांडी विदर्भातल्या शिळावर्तुळांची, म्हणजे मृतांच्या आठवणीला गोल मांडलेल्या मोठ्या दगडांची, सोबतीण आहेत. शेतात तसा तुकडा दिसला तर पाय तिथे थांबला पाहिजे.

मनसर-रामटेक-नगरधन हा एक दिवस भरगच्च होतो, पण नीट होतो. क्रम मात्र सांभाळावा. नागपूरहून मनसर पंचेचाळीसेक किलोमीटर. सकाळी साडेसहा-सातला निघून आठच्या सुमारास तिथे असावे. हिडिंबा टेकडीवर विटांचे काम आहे आणि विटांना तिरपा प्रकाश लागतो. दुपारच्या उन्हात सगळे सपाट, लालसर दिसते. कोन, पायऱ्या, थर वेगळे उमटत नाहीत. इथे १९९८ पासून झालेल्या उत्खननात विटांच्या भव्य वास्तूचे अवशेष निघाले आणि हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर असावे असे अनेक अभ्यासक मानतात. इथली सर्वांत वारंवार होणारी चूक म्हणजे भिंतींच्या माथ्यावरून चालणे. वरून फोटो चांगला येतो म्हणून लोक चढतात. पण प्राचीन विटेचा पृष्ठभाग एकदा फुटला की आतला भाग पावसात विरघळल्यासारखा जातो, आणि वरचा थर निघाला की खालचाही सैल होतो. बांधलेल्या वाटेवरूनच फिरावे, चराच्या काठावर उभे राहू नये, मुलांचा हात धरावा. आधी टेकडीला खालून एक फेरी मारून आराखडा डोळ्यांत घ्यावा आणि मग वर चढावे. उलट केले तर विटांच्या कोपऱ्यांचा अर्थच लागत नाही. दोन तास द्यावेत.

साडेदहाला रामटेक. गाडी वरपर्यंत जाते, म्हणून बहुतेक लोक थेट मुख्य मंदिरात जातात आणि वाटेतली वाकाटककालीन केवल नरसिंह व रुद्र नरसिंह ही मंदिरे डोळ्यांआड होतात. गडावर याहून जुने उभे मंदिर नाही. लहान आहेत, साधी आहेत, पण आतली नरसिंहाची मूर्ती पाहून मग बोलावे. केवल नरसिंहाच्या भिंतीवर चुन्याचे थर काढताना वाकाटक राजघराण्याविषयीचा ब्राह्मी लेख उजेडात आला. तो वाचायला समोरून मारलेला प्रकाश नको. मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा, अक्षरे सावलीने उभी राहतात. भिंतीला बोट लावू नये. हाताच्या घामाने आणि तेलाने दगड काळा पडतो. खडूने किंवा पिठाने अक्षरे भरणे तर सरळ इजा आहे. गाभाऱ्यात पूजा चालू असेल तर थांबावे, फोटोसाठी पुजाऱ्यांना विचारावे. वराहाची भव्य एकपाषाणी मूर्ती पाहून खाली उतरताना कपूर बावडी चुकवू नये. मात्र तिच्या पायऱ्यांना शेवाळ असते. पावसाळ्यानंतर जानेवारीपर्यंत बुळबुळ राहते, त्यामुळे पाण्यापर्यंत उतरणे टाळावे. वानरे धीट आहेत. हातात पिशवी, प्रसाद, चष्मा उघडा ठेवू नये. वैकुंठ चतुर्दशी आणि त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला शोभायात्रेची व यात्रेची गर्दी लोटते. श्रद्धेने जायचे असेल तर तेच दिवस, मंदिरांचा अभ्यास करायचा असेल तर ते दोन-तीन दिवस सोडून.

दुपारी साडेतीननंतर नगरधन. इथे लोक किल्ला पाहतात आणि परततात. किल्ल्याचे आजचे रूप बरेच अलीकडचे, भोसलेकाळापर्यंतचे. वाकाटकांचे नंदिवर्धन म्हणून ज्या जागेची ओळख आहे ती वस्ती आजच्या गावाखाली आणि आसपासच्या शेतांखाली दडली आहे. २०१५ ते २०१८ या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने इथे उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाचे चिन्ह असलेला मातीचा मुद्रांक, म्हणजे शिक्क्याचा ठसा, मिळाला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची राणी, पती गेल्यावर राज्याचा कारभार स्वतः सांभाळणारी. तिची मुद्रा ज्या गावच्या मातीत निघाली ते गाव आपल्यापासून दीड तासावर आहे. गावातून चालताना घरांच्या पायव्याशी, नाल्याच्या कापलेल्या काठाशी मातीचा रंग पाहावा. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, ते उगाच नाही. चुलींची राख, पडलेल्या मातीच्या भिंती, शेण, कोळसा असे शतकानुशतके साचून ती माती पांढुरकी, भुसभुशीत होते. जुन्या रिठी, म्हणजे ओसाड पडलेल्या, गावांच्या जागाही अशाच ओळखू येतात. हीच माती खत म्हणून ट्रॅक्टरने उचलून नेल्याने कितीतरी वस्त्यांचे वरचे थर गेले. काठावर थर दिसले तर फोटो काढावा, काठी खुपसून ‘बघू’ म्हणू नये.

याच्याहून अगदी वेगळी तयारी शिळावर्तुळांना लागते. सर्वांत जवळचे जुनापाणी, काटोल रस्त्याने शहरापासून दहा-बारा किलोमीटर. तिथे तीनशेच्या आसपास वर्तुळे आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांची खोदाई केली, आणि १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने शास्त्रशुद्ध उत्खनन केले. जवळच माहुरझरी आहे. तिथल्या दफनांत घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे तांब्याचे साज मिळाले, आणि गावाच्या परिसरात गोमेद-इंद्रगोपाचे मणी बनवण्याचा मोठा उद्योग चालत असे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक लोखंड वापरत, घोडे पाळत, आणि मृतांच्या आठवणीला मोठमोठे दगड गोल मांडत.

इथे ऋतू चुकला की सगळे चुकते. ऑगस्ट ते ऑक्टोबर कमरेइतके गवत असते. वर्तुळात उभे असूनही वर्तुळ दिसत नाही. शिवाय त्या दिवसांत सापाचा धोका, आणि गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस, ज्याने २०१८ मध्ये नागपूर परिसरात बळी घेतले. नोव्हेंबरात गवत सुकते पण उभे असते आणि कुसळ मोज्यांत घुसून रक्त काढते. त्यावर उपाय एकच: जाड पँटचे टोक बुटात खोचणे किंवा पायांना पट्टी गुंडाळणे. सर्वांत चांगला काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, गुरे चरून गेलेली, दगड मोकळे झालेले. मार्चपासून दगड दहा वाजताच तापतात. एप्रिल-मे महिन्यांत, ऊन पंचेचाळीसला टेकते तेव्हा, मुलांना नेण्याचा विचारही करू नये.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ किंवा दुपारी चार ते सूर्यास्त. याचे कारण दगडांवरचे खळगे. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीत कोरलेले आहेत. डोक्यावर सूर्य असताना ते दिसतच नाहीत. तिरप्या उन्हात प्रत्येक खळग्याच्या एका काठाला सावली पडते आणि ओळच्या ओळ उमटते. ढगाळ दिवशी एकाने चादर धरून सावली करावी आणि दुसऱ्याने बाजूने टॉर्च मारावा. पाणी ओतू नये, रांगोळी-गुलाल भरू नये. फोटो ठळक येतो, पण रंग खळग्यात बसून राहतो आणि दगडफूल मरून दगडाचा रंगच डागाळतो.

वर्तुळ पाहण्याची पद्धत अशी. आधी आत जाऊ नये. बाहेरून पूर्ण फेरी मारावी, दगड मोजावेत, पडलेला आणि हललेला दगड वेगळा लिहावा. मग आतला भाग पाहावा. मधोमध दगडगोट्यांचा उंचवटा शाबूत आहे की खड्डा पडलेला आहे? खड्डा असेल तर तिथे पूर्वी उत्खनन झाले आहे किंवा गुप्तधनवाल्यांनी हात मारला आहे. व्यास पावलांनी मोजला तरी चालतो. स्वतःचे पाऊल घरी मोजपट्टीवर तपासून घ्यावे, नाहीतर दोघांच्या नोंदी जुळत नाहीत. खळगे असलेल्या दगडाची दिशा लिहावी, कारण त्या दिशांमध्ये काही रचना आहे का याचा शोध अभ्यासकांनी घेतला आहे. होकायंत्र मात्र दगडाला चिकटवून वाचू नये. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये चुंबकीय कण असतात आणि सुई सरकते. दोन-तीन पावले मागे सरून, गाडीपासूनही दूर, तीनदा वाचून मधला आकडा घ्यावा. फोटोत दहा सेंटिमीटरची पट्टी किंवा निदान नाणे ठेवावे. दगडाची उंची नुसत्या नजरेने कुणालाच सांगता येत नाही.

आणि खापरी, मणी, लोखंडाचा गंजका तुकडा उचलू नये. हे सांगितले की लोक म्हणतात, एवढासा तुकडा, शेतात तर पडलाय. पण त्या तुकड्याचे मोल तो कुठे पडलाय यातच आहे. नांगराने वर आणला तरी तो पन्नास पावलांच्या आतलाच असतो, आणि खाली काय आहे याची खबर तो देतो. नागपुरातल्या शोकेसमध्ये गेला की तो मुका झाला. माहुरझरीचे मणी असेच घराघरांत मुके होऊन पडले आहेत.

गावात शिरण्याची रीत कोणत्याच यादीत नसते. आडगावात चार अनोळखी माणसे टेप लावून जमीन मोजताना दिसली की गावकऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती गुप्तधनाची. ती शंका रास्त आहे. विदर्भात गुप्तधनाच्या नादाने जुनी देवळे, समाध्या आणि वर्तुळे फोडली गेली आहेत. म्हणून आधी ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांकडे जाऊन नाव, फोन क्रमांक आणि येण्याचे कारण सांगावे. कोतवाल किंवा एखादा गुराखी सोबत आला तर उत्तमच. वर्तुळे कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक असते. त्यांच्या दिवसाची मजुरी बुडते हे ध्यानात ठेवून ठरवून पैसे द्यावेत. ‘खजिना’, ‘सोनं’ हे शब्द गमतीनेही काढू नयेत. मेटल डिटेक्टर तर गाडीतही नको. जागा सरकारी आहे की खासगी, हे पटवाऱ्याकडे खसरा क्रमांकावरून कळते. खासगी असेल तर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. पऱ्हाटी, तूर, हरभरा उभा असेल तर धुऱ्याने चालावे, पीक तुडवू नये, फाटक जसे होते तसे लावावे. रानडुकरांसाठी शेताभोवती तार ओढलेली असते. ती झटका मशीनची आहे की थेट विजेची, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. तारेला हात नाही, तारेवरून उडी नाही, आणि पहाटे अंधारात तर शेतात शिरायचेच नाही. रस्त्याकडेच्या शेंदूर लावलेल्या मूर्तीचा शेंदूर खरवडून ‘खरी मूर्ती’ पाहण्याचा मोह काही जणांना होतो. ती गावाची देवता आहे. चपला काढून, लांबून पाहावी.

पवनीला स्वतंत्र दिवस द्यावा. उमरेड-भिवापूरमार्गे ऐंशी-नव्वद किलोमीटर. वाटेत कुही तालुक्यात अडम आणि मांढळ आहेत. अडमला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात ‘अस्सक जनपद’ असा प्राचीन राज्याचा उल्लेख असलेला मुद्रांक मिळाला, मांढळला वाकाटकांचे ताम्रपट आणि मूर्ती. पण पवनी धरून दोन्ही करू नयेत, फार तर एक. पवनीत १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडी आणि सुलेमान टेकडी इथे उत्खनन करून स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. सांचीसारखा उभा घुमट मनात धरून गेलात तर हिरमोड होईल. इथे टेकडी आहे, टेकडीवर मंदिर आहे आणि त्याखाली स्तूप. कोरीव दगड संग्रहालयांत गेले. पाहायचे ते टेकड्यांचे एकमेकांशी आणि नदीशी नाते: एका बाजूला वैनगंगा, उरलेल्या बाजूंना प्राचीन तटबंदीचा मातीचा बांध. बांधावरून चालत गेले की शहर का इथे वसले ते आपसूक कळते. नदीपात्रात मात्र उतरू नये. वरच्या अंगाला गोसीखुर्दचे तेहतीस दरवाजांचे धरण आहे, पाणी सोडले की पातळी बघता बघता वाढते. परतीचा रस्ता उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्याच्या बाजूने जातो, म्हणून चारच्या आत निघावे आणि वाटेत गाडी थांबवून उतरू नये.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित स्थळाची मोडतोड, खोदाई किंवा त्यावर नावे कोरणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जिल्ह्यातल्या अनेक गावांची शिळावर्तुळे या संरक्षणात येतात, फलक नसला तरी. राज्य संरक्षित स्थळांना १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. साध्या हातातल्या कॅमेऱ्याला सहसा अडवत नाहीत. तिपाई लावायची असेल तर लेखी परवानगी हवी. ड्रोन नेऊच नये. पुरातत्त्वाची परवानगी लागतेच, आणि काटोल रस्त्याच्या अलीकडे वायुसेनानगर आहे.

शाळांसाठी एक सूचना. बसभर मुले एकाच वर्तुळात सोडू नका. पंधरा-पंधराचे गट करून, दर गटाला दोन मोठी माणसे, प्रत्येक गटाला वेगळे वर्तुळ. जुनापाणीसारख्या जागी स्वच्छतागृह नाही, सावली जवळपास नाही. शहरातून निघतानाच थांबा घ्यावा आणि गावातल्या शाळेशी आधी बोलून ठेवावे. मुली आणि शिक्षिकांची अडचण याच एका गोष्टीने होते आणि पुढच्या वर्षी सहलच रद्द होते. दर माणशी तीन लिटर पाणी, डबा घरचा, कचरा परत. मोठ्या मंदिरांवर, किल्ल्याच्या दारांवर आग्या मोहोळ असते. अत्तर लावू नये, खाली धूर-फटाके नको, आणि माश्या उठल्या तर हात न हलवता तोंड झाकून दूर पळावे. साप चावला तर आवळपट्टी, चिरे, मांत्रिक काहीच नको. अवयव हलू न देता १०८ ला फोन करून जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. त्याचा क्रमांक निघण्याआधीच लिहून घेतलेला असावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गवतात फिरल्याचे सांगावे. ते कळले की स्क्रब टायफसचा विचार लवकर होतो.

आता आपणास विनंती. अशा स्थळांविषयी छापताना प्रत्येक नावापुढे तालुका आणि जिल्हा द्यावा, जाण्याचे महिने द्यावेत, पाहायला किती तास लागतात ते द्यावे, आणि तिथल्या वस्तू कोणत्या संग्रहालयात आहेत हे एका ओळीत सांगावे. मनसर, रामटेक, नगरधन, पवनी, जुनापाणी यांची नावे मोकळेपणाने छापावीत. पण जिथे राखणदार नाही, कुंपण नाही, फलक नाही, अशी नव्याने दिसलेली वर्तुळे किंवा रिठी यांचे खसरा क्रमांक आणि नकाशातली नेमकी खूण छापू नये. ती माहिती पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या नागपूर विभागाला फोटो, तारीख आणि गावाच्या नावासह लेखी कळवावी, आणि अर्जाची पोच घ्यावी. वाचकांकडून आपल्याकडे अशी पत्रे आली, तर तीही तिकडेच पाठवावीत.

आपले,
विदर्भातील प्राचीन स्थळांचे काही अभ्यासक-वाचक,
नागपूर